डिस्क बदलण्याचा दिवस

सकाळी 7
घणसोलीला उतरून रिक्षाने महापेच्या डेटा सेंटरला पोहोचलो. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने हँडओव्हर दिला: पहाटे 4 वाजता एका अ‍ॅरेमधली डिस्क गेली, हॉट स्पेअरने, म्हणजे आधीच बसवलेल्या राखीव डिस्कने, तिची जागा घेतली, रिबिल्ड म्हणजे तिच्यावरचा डेटा पुन्हा तयार करणं सुरू आहे. सर्व्हर चालू आहेत, कुणाची तक्रार नाही. अ‍ॅरे रेड 6 चा (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत), 8 टीबीच्या 12 डिस्कचा. दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा काढता येईल अशा जादा माहितीला, जाते आणि वापरायला 80 टीबी उरतात. त्या बदल्यात दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. आज एक गेली आहे, म्हणजे अजून एकीपुरताच आधार शिल्लक आहे.

8.30
रिबिल्ड 20 टक्क्यांवर. सेकंदाला 150 एमबी वेग धरला तरी 8 टीबी लिहायला जवळजवळ 15 तास लागतात. त्यात दिवसाचं काम सुरू झालं की वेग आणखी उतरतो. मला खरी काळजी असते ती याच तासांची. हरवलेला डेटा पुन्हा तयार करायला उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. एखाद्या कोपऱ्यातला खराब सेक्टर नेमका तेव्हाच उघडा पडतो. म्हणून मोठ्या डिस्कना एका पॅरिटीचं रेड 5 लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

10
नवीन रुजू झालेल्या मुलीने विचारलं, “सर, गेलेल्या डिस्कवरचं परत कसं कळतं?” कागद घेतला. तीन डिस्कवर 1, 0, 1. एक हा आकडा दोनदा आला, म्हणजे सम; म्हणून पॅरिटी 0. आता मधली डिस्क खोडली. उरले 1, 1 आणि पॅरिटी 0. एकांची संख्या समच राहायला हवी, तेव्हा हरवलेला बिट 0. तिने लगेच दुसरं उदाहरण स्वतः करून पाहिलं. रेड 6 ची दुसरी पॅरिटी वेगळ्या गणिताने निघते, ते उद्या. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये बर्कलेत रेडची मांडणी केली, तेव्हा एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क वापरायच्या, हाच विचार होता.

दुपारी 1
नवी डिस्क आली. आधी कन्सोलवरून गेलेल्या डिस्कच्या स्लॉटचा लोकेट दिवा लावला. मग रॅकसमोर दोघांनी स्लॉट नंबर मोठ्याने वाचला. लॅच उघडून डिस्क बोटभर ओढली, फिरणं थांबेपर्यंत थांबलो, मग बाहेर काढली. लेबलवरचा सीरियल नंबर लॉगशी जुळवला. इथे घाई केली आणि शेजारची चांगली डिस्क ओढली, तर उरलेला आधारही जातो. नवी डिस्क आता स्पेअर म्हणून बसली.

3.30
डेटाबेसवाल्यांचा फोन: एका जुन्या सर्व्हरवर एंट्री हळू होतायत. रेड कंट्रोलरची बॅटरी लर्न सायकलमध्ये, म्हणजे स्वतःची चाचणी घेण्याच्या फेरीत, होती. बॅटरीचा भरवसा नसला की कंट्रोलर राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर येतो: डेटा कॅशमध्ये ठेवून “झालं” म्हणत नाही, डिस्कवर पोहोचल्यावरच म्हणतो. “राइट-बॅक फोर्स करा ना,” असा आग्रह झाला. नाही म्हणालो. वीज गेली तर कॅशमधल्या नोंदी कायमच्या जातील.

5
एका विभागात कुणाकडून तरी अख्खा फोल्डर डिलीट झाला. “रेड आहे ना?” असं विचारलं गेलं. रेडने तो डिलीटही तितक्याच इमानाने सगळ्या डिस्कवर लिहिला होता. फोल्डर आला तो काल रात्रीच्या बॅकअपमधून.

7
रिबिल्ड 60 टक्क्यांवर. हँडओव्हरमध्ये लिहिलं: पूर्ण होईपर्यंत या अ‍ॅरेला हात लावू नका.

घरी दोन डिस्कचा नास बॉक्स (नेटवर्कला जोडलेला डेटा साठवायचा डबा) असेल, तर तिथेही मिररिंगवर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा लिहिण्यावर, विसंबून राहू नका. फोटोंची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. आणि या रविवारी त्या प्रतीतली एक फाइल खरोखर उघडून बघा.