ऊन आहे, पण पंखा बंद

मे महिन्यातली भर दुपार. आमचे शेजारी पायरीवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होते. वीज गेलेली. मला पाहताच म्हणाले, "कर्ज काढून गच्चीवर सोलर बसवलं. सूर्य डोक्यावर आहे आणि पंखा बंद! फसवलं की हो मला."

श्रोतेहो, त्यांना कुणी फसवलं नव्हतं. पॅनेलमधून येते ती डीसी वीज. इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि बाहेरच्या तारेतल्या विजेशी, सेकंदाला ५० आवर्तनांच्या तालात, तिची सम जुळवतो. म्हणून आपली वीज तारेत मिसळते आणि उरलेली नेट मीटरमधून बाहेर जाते. तारेतला ताल थांबला, की इन्व्हर्टरनं गप्प बसायचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत त्यासाठी दोन सेकंदांची मुदत आहे.

एवढी घाई का? तर खांबावर चढलेल्या लाइनमनसाठी. कोपऱ्यावरची डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण तिला उलटसुलट कळत नाही. घरांकडून वीज आत शिरली, तर पलीकडे ती तशीच चढूही शकते. मागून बंद केलेली तार पुढून जिवंत! लाइनमन तार अर्थ करून मगच हात लावतो, हे खरं. पण माणूस आहे, पावसात घाई होते. चेंजओव्हर स्विच न लावता घरच्या सॉकेटला जनरेटर जोडणारे महाभाग तर हाच धोका हौसेनं विकत घेतात. त्यांच्या जनरेटरला आपणहून गप्प बसायचं शिकवलेलं नसतं.

वीज गेल्यावरही पंखा हवा, तर बॅटरी आणि घर तारेपासून तोडून चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. खर्च वाढतो, हेही खरंच.

शेजाऱ्यांचं समाधान झालं, पण नवी तक्रार आली. वीज असतानाही दुपारी इन्व्हर्टर मधूनच बंद पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली आणि आमच्या गल्लीत गच्च्या भरल्या. दुपारी घरं कुलूपबंद, सगळ्यांची वीज एकाच बारीक तारेतून डीपीकडे उलटी निघते आणि टोकाच्या घरांत व्होल्टेज चढतं. मर्यादा ओलांडली, की इन्व्हर्टर हात काढून घेतो. जाड तार घाला किंवा डीपीचा टॅप बदला, असा अर्ज त्यांनी केला आहे. तोवर मी त्यांना सुचवलं, पाण्याची मोटर आणि वॉशिंग मशीन दुपारी एकला लावा.