७० मिमी चित्रपट

७० मिमी चित्रपट म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर (मिमी) फिल्मच्या दुप्पट रुंदीच्या फिल्मवर दाखवला जाणारा चित्रपट होय. या पद्धतीत चित्रीकरणासाठी सहसा ६५ मिमी रुंदीची निगेटिव्ह वापरतात आणि चित्रगृहासाठीची प्रत ७० मिमी फिल्मवर काढतात. चित्रचौकट मोठी असल्याने विशाल पडद्यावरही प्रतिमा सुस्पष्ट राहते. १९५५ ते १९७० हा या पद्धतीच्या भरभराटीचा काळ होता. तिचा चित्रदर्जा प्रारंभापासून मान्य होता. तिचा प्रसार आणि ऱ्हास मात्र मुख्यतः चित्रगृहांतील प्रक्षेपणयंत्रणा, ध्वनी आणि प्रतींचा खर्च यांवर ठरत गेला.

तांत्रिक स्वरूप

३५ मिमी फिल्मवर एक चित्रचौकट कडेच्या चार छिद्रांइतकी उंच असते, तर ६५ मिमी फिल्मवर ती पाच छिद्रांइतकी असते. ६५ मिमी निगेटिव्हवरील चौकट सुमारे ५२ मिमी रुंद आणि २३ मिमी उंच असते. ध्वनिपट्ट्यासाठी जागा सोडलेल्या ३५ मिमी चौकटीच्या तुलनेत तिचे क्षेत्रफळ तीन पटींहून अधिक भरते. त्यामुळे तेवढ्याच पडद्यासाठी प्रतिमा कमी मोठी करावी लागते, फिल्मवरील कण (ग्रेन) कमी जाणवतात आणि बारीक तपशील टिकतो. पडद्यावरील चित्राचे रुंदी-उंची गुणोत्तर २.२० : १ असते.

निगेटिव्ह आणि प्रत यांच्या रुंदीतील ५ मिमीचा फरक ध्वनीसाठी असतो. प्रतीच्या दोन्ही कडांना छिद्रांच्या बाहेर प्रत्येकी अडीच मिमी जागा वाढवलेली असते. तेथे आणि छिद्रांच्या आतील बाजूस चुंबकीय पट्टे चढवून त्यांवर एकूण सहा ध्वनिमार्ग मुद्रित करत. मूळ रचनेत त्यांपैकी पाच पडद्यामागील ध्वनिक्षेपकांसाठी आणि सहावा प्रेक्षागृहातील ध्वनिक्षेपकांसाठी होता.

आरंभीचे प्रयत्न

३५ मिमी ही रुंदी सर्वमान्य होण्यापूर्वी विविध रुंदीच्या फिल्म प्रचारात होत्या. अमेरिकेतील बायोग्राफ कंपनी १८९० च्या दशकात ६८ मिमी फिल्म वापरत असे, तर ल्युमिएर बंधूंनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ७५ मिमी फिल्मवर चित्रीकरण केले होते. पुढे सर्व देशांत चालू शकेल अशा एकाच मापाची गरज भासली आणि ३५ मिमी फिल्म रूढ झाली.

रुंद फिल्मचा पहिला मोठा व्यावसायिक प्रयोग फॉक्स कंपनीने ‘ग्रँजर’ या नावाने केला. राउल वॉल्श दिग्दर्शित ‘द बिग ट्रेल’ (१९३०) हा चित्रपट ७० मिमी आणि ३५ मिमी अशा दोन्ही फिल्मवर चित्रित करण्यात आला. जॉन वेन यांची ही पहिली प्रमुख भूमिका होती. तथापि, चित्रगृहांनी नुकताच बोलपटांच्या ध्वनियंत्रणेवर मोठा खर्च केला होता आणि त्याच सुमारास आर्थिक महामंदी सुरू झाली होती. नवे प्रक्षेपक आणि नवे पडदे घेण्यास चित्रगृहमालक तयार झाले नाहीत. परिणामी हा चित्रपट मोजक्याच ठिकाणी रुंद फिल्मवर दाखवला गेला आणि पुढील दोन दशके ही पद्धत मागे पडली.

सिनेरामा व सिनेमास्कोप

दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणीमुळे अमेरिकेतील प्रेक्षकसंख्या घटू लागली. घरच्या छोट्या पडद्यावर मिळणार नाही असा अनुभव देण्यासाठी चित्रपट उद्योग पुन्हा रुंद पडद्याकडे वळला. फ्रेड वॉलर यांनी विकसित केलेल्या ‘सिनेरामा’ पद्धतीचा पहिला खेळ ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यू यॉर्क येथे झाला. त्यात तीन ३५ मिमी फिल्मवरील चित्रे तीन प्रक्षेपकांतून खोल वक्र पडद्यावर शेजारी-शेजारी पाडली जात. परिणाम भव्य होता. परंतु चित्रांमधील सांधे दिसत, तिन्ही यंत्रे अचूक एका लयीत चालवावी लागत आणि त्यासाठी कर्मचारीही अधिक लागत.

ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाद्वारे ‘सिनेमास्कोप’ आणले. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियँ यांच्या भिंगाने रुंद दृश्य आडवे दाबून ३५ मिमी चौकटीत बसवले जाई आणि प्रक्षेपण करताना दुसऱ्या भिंगाने ते पुन्हा रुंद केले जाई. ही पद्धत स्वस्त असल्याने झपाट्याने पसरली; मात्र मूळ चौकट ३५ मिमीचीच असल्याने मोठ्या पडद्यावर कण व अस्पष्टता जाणवत असे. पॅरामाउंटच्या ‘व्हिस्टाव्हिजन’ पद्धतीत (१९५४) ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यात आडवी सरकवून मोठी चौकट मिळवली गेली.

टॉड-एओ

निर्माते माइक टॉड हे प्रारंभी सिनेरामाशी संबंधित होते. तोच भव्य परिणाम एकाच प्रक्षेपकातून साधावा, या हेतूने त्यांनी अमेरिकन ऑप्टिकल कंपनी आणि प्रकाशशास्त्रज्ञ ब्रायन ओ’ब्रायन यांच्या साहाय्याने ‘टॉड-एओ’ ही पद्धत विकसित केली. तिच्यातील पहिला चित्रपट ‘ओक्लाहोमा!’ ऑक्टोबर १९५५ मध्ये न्यू यॉर्कमधील रिव्होली चित्रगृहात प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण सेकंदाला ३० चौकटी या वेगाने झाले होते. हा वेग इतर चित्रगृहांतील २४ चौकटींशी जुळत नसल्याने तोच चित्रपट सिनेमास्कोपमध्येही स्वतंत्रपणे चित्रित करावा लागला. ‘साउथ पॅसिफिक’पासून (१९५८) टॉड-एओनेही २४ चौकटींचा वेग स्वीकारला.

या पद्धतीसाठी नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने ७० मिमी आणि ३५ मिमी या दोन्ही फिल्म चालवू शकणारा डीपी ७० हा प्रक्षेपक तयार केला. एकाच यंत्रावर दोन्ही प्रकारचे चित्रपट दाखवता येऊ लागल्याने १९३० मधील मुख्य अडसर बऱ्याच अंशी दूर झाला.

प्रसार

७० मिमी चित्रपट प्रथम मोठ्या शहरांतील निवडक चित्रगृहांत आरक्षित आसने, वाढीव दर आणि मध्यंतरासह दाखवले जात. यास ‘रोडशो’ म्हणत. या काळातील प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे :

• सुपर पॅनाव्हिजन ७० : ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२), ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८).
• एमजीएम कॅमेरा ६५, पुढे अल्ट्रा पॅनाव्हिजन ७० : ६५ मिमी निगेटिव्हवर चित्र सव्वा पट आडवे दाबून २.७६ : १ गुणोत्तर मिळवणारी पद्धत, ‘बेन-हर’ (१९५९).
• सुपर टेक्निरामा ७० : आडव्या सरकणाऱ्या ३५ मिमी निगेटिव्हवरून ७० मिमी प्रत, ‘स्पार्टाकस’ (१९६०).
• सोव्हिएत पद्धत : निगेटिव्ह व प्रत दोन्ही ७० मिमी, सेर्गेई बोंदार्चुक दिग्दर्शित ‘वॉर अँड पीस’ (१९६६–६७).
• आयमॅक्स : ७० मिमी फिल्म आडवी सरकवून पंधरा छिद्रांची, म्हणजे नेहमीच्या ७० मिमी चौकटीच्या सुमारे तिप्पट चौकट, पहिले प्रदर्शन ओसाका येथील एक्स्पो १९७० मध्ये.

ब्लो-अप व ऱ्हास

६५ मिमी कॅमेरे जड होते आणि फिल्म व प्रक्रिया महाग होती. १९६० च्या दशकात ३५ मिमी निगेटिव्हवरून मोठी करून ७० मिमी प्रत काढण्याची, म्हणजे ‘ब्लो-अप’ची पद्धत रूढ झाली. ‘डॉक्टर झिवागो’ (१९६५) याच प्रकारे दाखवला गेला. ‘रायन्स डॉटर’ (१९७०) नंतर ६५ मिमीवर चित्रित कथापट दुर्मीळ झाले. ब्लो-अप प्रती मात्र पुढील दोन दशके निघत राहिल्या, कारण सहा मार्गांचा चुंबकीय ध्वनी हे त्यांचे मुख्य आकर्षण होते. १९९२–९३ मध्ये डॉल्बी डिजिटल व डीटीएस या पद्धतींमुळे ३५ मिमी प्रतीवरही बहुमार्गी ध्वनी मिळू लागला आणि हे कारणही उरले नाही.

भारतात

‘अराउंड द वर्ल्ड’ (१९६७) हा भारतातील पहिला ७० मिमी चित्रपट मानला जातो. या पद्धतीला खरी लोकप्रियता ‘शोले’ने (१९७५) मिळवून दिली. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी त्याचे चित्रीकरण ३५ मिमीवरच केले होते. ७० मिमी कॅमेरे खर्चिक असल्याने चित्र नंतर २.२ : १ गुणोत्तरात मोठे करण्यात आले आणि त्यास स्टिरिओ ध्वनीची जोड देण्यात आली. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला. संपूर्णपणे देशात तयार झालेला पहिला ७० मिमी चित्रपट म्हणून मल्याळम ‘पडयोट्टम’ (१९८२) ओळखला जातो. पद्धत मागे पडल्यावरही ‘७० एमएम’ हा शब्दप्रयोग भारतीय भाषांत ‘मोठा पडदा’ या अर्थाने रूढ राहिला.

जतन

त्या काळातील ईस्टमनकलर प्रतींचे रंग कालांतराने उडतात व त्या लालसर होतात. ॲसिटेट फिल्म विघटित होऊन तिला शिरक्यासारखा वास येतो. यास ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. प्रती संख्येने कमी असल्याने हानीची शक्यता वाढते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चे कापलेले भाग शोधून रॉबर्ट हॅरिस यांनी दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्या सहकार्याने १९८९ मध्ये तो पुन्हा उभा केला, ध्वनी हरवलेल्या काही प्रसंगांचे संवाद अभिनेत्यांकडून नव्याने बोलून घ्यावे लागले. ‘शोले’ची मूळ निगेटिव्हही व्हिनेगर सिंड्रोममुळे गंभीर बाधित झाली होती. उपलब्ध इतर साहित्यावरून फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचे पुनर्संचयन केले. मूळ शेवट असलेली ही आवृत्ती २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवण्यात आली.

पुनरागमन

डिजिटल चित्रीकरण सार्वत्रिक झाल्यानंतर काही दिग्दर्शकांनी पुन्हा ६५ मिमी फिल्म निवडली. ‘द मास्टर’ (२०१२) याचे बहुतांश चित्रीकरण या फिल्मवर झाले. ‘द हेटफुल एट’ (२०१५) या चित्रपटासाठी अल्ट्रा पॅनाव्हिजनची जुनी भिंगे दुरुस्त करण्यात आली आणि अमेरिकेतील अनेक चित्रगृहांत ७० मिमी प्रक्षेपक नव्याने बसवावे लागले. ‘ओपनहायमर’साठी (२०२३) कोडॅक कंपनीने ६५ मिमी कृष्णधवल फिल्म खास तयार केली. त्याची आयमॅक्स प्रत सुमारे १८ किलोमीटर लांब होती. ती दाखवू शकणारी चित्रगृहे जगभरात सुमारे तीसच होती. कॅमेरे आणि फिल्म पुन्हा उपलब्ध झाली असली, तरी चालू स्थितीतील प्रक्षेपक व ते हाताळणारे कुशल तंत्रज्ञ यांची उणीव हीच या पद्धतीची आजची मुख्य मर्यादा आहे.

हे सुद्धा पहा

• सिनेमास्कोप
• आयमॅक्स
• शोले
• छायालेखन