जपानला जाणारी मुले काय पाहतात, काय राहून जाते

वस्तीतले एखादे पोर परदेशी जाऊन आले असे कळले, की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “खर्च किती आला?” जपानच्या ‘साकुरा’ योजनेत हा प्रश्न घरच्यांना पडत नाही. जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सीने २०१४ साली सुरू केलेल्या या योजनेत आशियातील मुलांना साधारण आठवडाभर जपानला बोलावतात आणि प्रवासाचा व राहण्याचा खर्च जपानच करतो. आपल्याकडून नवोदय विद्यालये, केंद्रीय विद्यालये आणि सरकारी शाळांतील मुले जातात. म्हणजे गिरणी कामगाराच्या नातीला किंवा शेतमजुराच्या मुलालाही हे दार बंद नाही.

तिथे मुलांना विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि विज्ञान संग्रहालये दाखवतात. ते सगळे चांगलेच आहे. पण जपानी शाळेलाही भेट असते, आणि माझ्या मते खरा धडा त्या शाळेच्या जिन्यावर मिळतो. जपानी शाळेत रोज ठरलेल्या वेळी मुले स्वतः झाडू आणि ओले फडके घेतात. वर्ग, व्हरांडा, जिने, पुष्कळ ठिकाणी संडाससुद्धा मुलेच साफ करतात. पाळी लावलेली असते आणि कोणी सुटत नाही. प्राथमिक शाळेत दुपारचे जेवणही मुलेच पांढरे डगले घालून एकमेकांना वाढतात. डॉक्टरचा मुलगा वाढतो, हमालाचा मुलगा जेवतो. दुसऱ्या दिवशी उलट.

हे वाचून काही घरांत मन जड होईल. आपल्या आजी-पणजीच्या हाती झाडू दिला गेला तो पाळीने नव्हे, जन्माने. आजही एखाद्या शाळेत वर्ग झाडायला मुलगा निवडताना गुरुजींची नजर आडनावावर जाते, हे पालकांनी मला सांगितलेले आहे. अशा घरातले मूल जेव्हा पाहते की झाडू सगळ्यांच्या हाती असू शकतो आणि त्याने कोणाची मान खाली जात नाही, तेव्हा त्याला जे कळते ते भाषणांनी कळत नाही.

मात्र पाहुण्याला घरातली बैठकच दाखवतात. जपानमध्ये जातिभेद नाही असे समजून आपली मुले परत येणार असतील, तर तो प्रवास अर्धाच झाला. जपानमध्येही कातडी कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे लोक वेगळ्या वस्त्यांत टाकलेले होते. त्यांना ‘एता’ म्हणजे ‘फार घाण’, काहींना ‘हिनिन’ म्हणजे ‘माणूस नसलेले’ म्हणत. १८७१ साली सरकारने फर्मान काढून हे भेद कागदावरून पुसले. वस्ती तीच राहिली, तिचे नाव ‘बुराकू’. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे पत्ता शोधतात. १९७५ साली उघडकीस आले, की अशा वस्त्यांच्या नावांची यादी छापून कंपन्यांना विकली जात होती. नोकरीला आलेला उमेदवार कुठला, ते त्या यादीत बघायचे! हा भेद संपवण्यासाठी जपानच्या संसदेला २०१६ साली पुन्हा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

आणि आपल्याला जास्त टोचेल अशी गोष्ट पुढे आहे. काही बौद्ध मंदिरांनी या लोकांना मेल्यानंतरही सोडले नाही. मृताला जे धर्मनाव देतात तेच हीन अर्थाचे दिले, आणि ते थडग्यावर कोरले. पुढे बुराकू लोकांच्या चळवळीने जाब विचारला, तेव्हा सोतो झेन पंथाने चूक मान्य करून ती नावे बदलण्याचे काम हाती घेतले. बुद्धाचे नाव घेणाऱ्या देशातही समता आपोआप येत नाही. तिथेही ती मागावी लागली.

मागणारेही उभे राहिले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन झाली. या नावातले पहिले चित्राक्षर ‘पाणी’. पाण्यासारखी समपातळी असलेला समाज, असा अर्थ. पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ला, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोघांचा एकमेकांशी संबंध होता असे मी म्हणत नाही, पण आपल्या मुलाला हे दोन मार्च महिने शेजारी ठेवता आले पाहिजेत. त्या संघटनेचा जाहीरनामा लिहिणारा साइको मान्किची हा एका बौद्ध मंदिरातल्या पुजाऱ्याचा मुलगा होता.

त्याचे गाव नारा प्रांतातल्या गोसे शहरात आहे आणि तिथे सुइहेइशाचे संग्रहालय आहे. नारा येथे तोदाइजी मंदिरातील सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती पाहायला जगभरचे लोक जातात. त्याच प्रांतातले गोसे मात्र सहलीच्या कार्यक्रमात सहसा नसते. विद्यार्थ्याला तिकडे जाता आले नाही तरी चालेल. जपानी सोबत्याला एवढे विचारावे, “तुमच्या शाळेत बुराकूविषयी शिकवतात का?” काही जण सांगतील, काही गप्प बसतील. दोन्ही उत्तरे वहीत लिहून आणावीत.

पालकांना एक कारकुनी सूचना. निवड शाळेमार्फत होते आणि ऐनवेळी पासपोर्ट लागतो. आपल्या घरांत जन्मदाखल्यावर ‘सिद्धार्थ’, शाळेच्या दाखल्यावर ‘सिध्दार्थ’, आधारवर बापाचे नावच वेगळे, असा घोळ फार दिसतो. मूल आठवी-नववीत असतानाच तिन्ही कागद समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुरुस्ती करून घ्या.