राणीच्या पाठीवर तान्हं बाळ नव्हतं

"झाशीच्या राणीनं नाही का बाळाला पाठीशी बांधून घोडा फेकला? मग तुला एसी गाडीतून ओरछ्याला जायला काय धाड भरलीय?"

हा टोमणा झाशीत राहणाऱ्या मराठी माणसाला पाठ झालेला असतो. पुण्या-मुंबईहून झेलम किंवा पंजाब मेलनं पाहुणे उतरतात. त्यांच्यात एखादी सात-आठ महिन्यांच्या लेकराची आई असते. ती म्हणते, आम्ही दोघं आज खोलीवरच थांबतो. की लगेच कुणीतरी सासूबाई, मावशी किंवा टूरवाला मॅनेजर राणीला साक्षीला बोलावतो. दुपारी चार वाजता तेच लेकरू किल्ल्याच्या चढावर लालबुंद होऊन रडत असतं आणि राणीचं नाव घेणारी मंडळी सावलीत उसाचा रस पीत असतात.

तेव्हा आधी इतिहास. राणीबरोबर झाशीहून निघालेला मुलगा म्हणजे दामोदरराव. मूळ नाव आनंदराव, राणीच्या सासरच्या, नेवाळकरांच्याच भाऊबंदकीतला. राणीच्या पतीनं, गंगाधररावांनी, त्याला 20 नोव्हेंबर 1853 रोजी दत्तक घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. दत्तकविधानाच्या वेळीच हा मुलगा चार-पाच वर्षांचा होता. त्याचं जन्मवर्ष 1849 असं सांगतात. राणीनं झाशी सोडली ती 4 एप्रिल 1858 च्या रात्री. म्हणजे तो तेव्हा आठ वर्षांचा, फार तर नऊचा. आजच्या हिशेबानं तिसरी-चौथीतला मुलगा. हाक मारली तर ओ देणारा, घट्ट धर म्हटलं तर धरणारा, तहान लागली तर सांगणारा. राणीला स्वतःला झालेला मुलगा 1851 चा, आणि तो चार महिन्यांचा असतानाच गेला. पुतळेवाल्यांनी आणि कॅलेंडरवाल्यांनी या दोन मुलांचं एक करून टाकलं. चौकातल्या घोड्यावर राणीच्या पाठीशी जे गुटगुटीत दोन वर्षांचं पोर दिसतं, ते मूर्तिकाराच्या मनातलं आहे.

किल्ल्यावर गेलात तर तटाजवळ 'जंपिंग स्पॉट'ची पाटी दाखवतील. राणीनं इथून घोड्यासकट उडी घेतली म्हणे. तिथून खाली वाकून बघा आणि घोड्याच्या पायांचा विचार करा. बहुतेक इतिहासकार राणी निवडक स्वारांसह शहराच्या भांडेरी दरवाजातून बाहेर पडली असंच मानतात, आणि ते तिच्या युद्धबुद्धीला जास्त शोभतंही. पुढची गोष्ट मला फार आवडते. पाठलागावर असलेली इंग्रज तुकडी भांडेरला पोचली तेव्हा राणीच्या तंबूत अर्धवट टाकलेली न्याहारी सापडली, अशी त्यांच्याकडचीच नोंद आहे. मागे शत्रू, पुढे शंभर मैलांवर काल्पी, तरी पस्तीसेक किलोमीटर झाल्यावर खाण्यासाठी मुक्काम केला होता! आमचे टूरवाले 'दतिया उरकूनच जेवू' म्हणतात.

आणि मुख्य म्हणजे तो प्रवास कुणी हौसेनं निवडलेला नव्हता. शहर पडलं होतं, मागे राहिलं तर मरण होतं. सहलीला निघालेल्या आईला हा दाखला देणं म्हणजे शौर्याचा अपमान आणि बाळाचे हाल, दोन्ही एकदम.

आता पाठीवर बांधण्याबद्दल. हल्ली मिळणारे बेबी कॅरियर चांगले असतात, पण त्यांचेही नियम आहेत. बाळ मान नीट धरायला लागल्याशिवाय पाठीवर घ्यायचं नाही; साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत तर नाहीच. त्याआधी छातीशी, तोंड कायम आपल्याला दिसेल असं, हनुवटी छातीला टेकणार नाही असं. झोपेत हनुवटी खाली मुडपली की तान्ह्या बाळाची श्वासनलिका दाबली जाते आणि ते ओरडतही नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची. मे महिन्यात झाशीचा पारा 45 च्या वर जातो. त्यात बाळाच्या पोटाला तुमची पाठ, पाठीला कॅरियरचं जाड कापड, म्हणजे घाम सुकायला जागाच नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. अमेरिकेची रस्तासुरक्षा संस्था तर तीन ते पाच पट लवकर म्हणते. हा आकडा बंद गाडीत सोडलेल्या मुलांबद्दलच्या इशाऱ्यात येतो. तिथंच असंही सांगितलंय की उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे 11 अंशांनी चढू शकतं. तेव्हा 'बाळ झोपलंय, गाडीतच राहू दे, आम्ही राणीमहाल पाहून येतो' हे एक मिनिटही चालणार नाही.

प्रॅमवर ओढणी टाकणाऱ्यांनीही ऐकावं. वरून सावली दिसते, आत हवा कोंडून भट्टी होते. प्रॅमला छत्री लावा, झाकण नको. अर्थात झाशीच्या किल्ल्यावर प्रॅमचा प्रश्नच येत नाही. ओबडधोबड दगडी चढावर चाकं चालत नाहीत आणि शेवटी बाबा एका हातात प्रॅम, दुसऱ्या हातात पोर घेऊन धापा टाकत चढतात.

मग काय निवडायचं? इथं दुसरा मोठा गैरसमज आडवा येतो: 'जवळचं ते सोपं.' समुद्रावरच्या क्रूझचे लोक या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहेत. रॉयल कॅरिबियनसारखी कंपनी सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावरच घेत नाही, महासागर ओलांडणाऱ्या सफरीला तर वर्ष पूर्ण झालेलं लागतं. आणि बंदरावर उतरून करायच्या सहलींच्या माहितीत किती चालायचं, पायऱ्या आहेत का, कुठल्या वयाला चालेल, हे लिहिलेलं असतं. झाशी हेही एक बंदरच आहे: इथं उतरायचं, चार दिशांना सहली करायच्या आणि ठरल्या वेळी गाडी पकडायची. पण आपल्या टूरच्या पत्रकात फक्त किलोमीटर असतात. ओरछा 18, दतिया 30, खजुराहो 175. यातून बाळाला काय त्रास होणार ते काही कळत नाही.

ओरछाच घ्या. अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं. पण जहांगीर महालात वरच्या मजल्यावर जायच्या पायऱ्या उंच, अरुंद आणि काळोख्या, वर गच्च्यांना काही ठिकाणी धड कठडा नाही. नुकतं चालायला लागलेलं, हात सोडवून घेणारं दीड वर्षाचं पोर असेल तर तो तासभर तुम्ही महाल बघत नाही, फक्त पोराची कॉलर बघता. चतुर्भुज मंदिराच्या वरच्या जिन्यांचंही तेच. उलट बेतवेकाठच्या छत्र्यांपाशी हिरवळ आहे, सपाटी आहे. मूल रांगू शकतं, आजी बसू शकतात, आणि छत्र्यांच्या उंच कंगोऱ्यांत घरटी करणारी गिधाडं दिसली तर लेकरू त्यांच्याकडेच टक लावून बसतं. नदीत पाय बुडवायचा मोह मात्र आवरा. खडक शेवाळी आहेत आणि पाण्याला ओढ आहे.

ओरछ्याच्या मंदिरात रामराजाचं दर्शन हवंच असेल तर सकाळी लवकर. दुपारी मंदिर बंद असतं, आणि नेमक्या त्याच वेळी पोचून बंद दारापाशी बाळाला थोपटत बसलेली कुटुंबं नेहमी दिसतात. पुष्य नक्षत्र, रामनवमी आणि विवाहपंचमी हे दिवस टाळा. गर्दीत कडेवरच्या मुलाचा जीव घुसमटतो, आणि रामराजा काही उठून जात नाही.

त्याहून सोपा उपाय असा की मुक्कामच ओरछ्याला करायचा. मध्य प्रदेश पर्यटनाची दोन हॉटेलं तिथं आहेत, महालाच्याच आवारात शीशमहाल आणि नदीकडे बेतवा रिट्रीट. सकाळी दोन तास फिरा, अकराच्या आत खोलीवर या, बाळाला खाऊ-पिऊ घालून झोपवा, ऊन उतरलं की पुन्हा निघा. बाळाची दुपारची झोप मोडून पाहिलेलं कुठलंही स्थळ पुढे रात्रभर वसूल होतं.

झाशीत एकच दिवस असेल तर माझा कौल राणीमहालाला. शहरात आहे, मध्ये मोकळा चौक, भोवती दालनं, वरच्या दरबारी खोलीतलं रंगकाम, तासाभरात आटपतं. किल्ला ओरछ्याच्या राजा बीरसिंह देवानं 1613 मध्ये बांधला आणि पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी वाढवला. तो पूर्ण बघायचा तर दोन तास हवेत, तेही उघड्या उन्हात. बाळ असेल तर कडक बिजली तोफ आणि आतलं महादेवाचं देऊळ बघून परत फिरा. फाशीघर आणि जंपिंग स्पॉट बाळाला नाही दिसला तरी त्याचं काही अडत नाही.

'आलोच आहोत तर खजुराहोही उरकू.' जाऊन-येऊन 350 किलोमीटर, गाडीत सात-आठ तास. दोन वर्षांच्या आतल्या मुलाबरोबर हे एका दिवसात करू नका. तिथं राहणार असाल तर खुशाल जा.

याच प्रवासात आणखी एक ऐकू येतं: 'आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही.' घरात खरं, धावत्या गाडीत साफ खोटं. ताशी 60 च्या वेगात धडक बसली तर आठ किलोचं बाळ हातांत धरून ठेवणं पैलवानालाही जमत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेलं कलम 194बी वाचा: 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचं आसन नसेल तर 1,000 रुपये दंड आहे. टॅक्सीवाला हसेल, हसू दे. आसन घरून आणा आणि निदान पुढच्या सीटवर बाळ घेऊन बसू नका.

उन्हाळ्यात तान्ह्याला वरचं पाणी लागतंच, हे आजीचं मत. जागतिक आरोग्य संघटनेचं मत वेगळं आहे: पहिले सहा महिने अंगावरचं दूधच पुरतं, कडक उन्हाळ्यातही. पाणी आईनं प्यायचं, आणि बाळाला वरचेवर पाजायचं. आजी ऐकत नसतील तर त्यांना सांगा की प्रवासातलं पाणी नेमकं कुठलं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सनस्क्रीन हा पहिला उपाय नाही. सावली, सुती झबलं आणि टोपरं हेच.

जुलाब लागले तर ओआरएस. पण दुकानात फळांच्या चवीचं, डब्यातलं गोड पाणी त्याच नावानं कितीतरी वर्षं खपत होतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2025 साली हे नाव असं वापरायला मनाई केली, तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते बघूनच घ्या. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, पेलाभर पाण्यात चिमूट टाकून नाही.

'पाच वर्षांच्या आत तिकीट नाही, म्हणून आत्ताच फिरून घ्या.' तिकीट नाही हे बरोबर, पण बर्थही नाही. रात्रभर एका बर्थवर आई आणि हातपाय झाडणारं पोर, हा हिशेब आधी करा. आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालच्या मुलांना तसंही तिकीट लागत नाही, त्यामुळे त्यासाठी घाई करण्याचं कारण नाही.

'मुलाच्या मनावर इतिहास बिंबतो.' बिंबायला अजून अवकाश आहे. बहुतेकांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. आठ महिन्यांच्या बाळासाठी झाशीला येऊ नका, तुमच्यासाठी या. त्याला घेऊन पुन्हा याल तेव्हा ते दामोदररावाच्या वयाचं असू दे.

शेवटी हवामान. 'डिसेंबर-जानेवारीत यायचं, थंडी छान असते.' थंडी छान असते, पण धुकंही असतं आणि उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. बाळाला गुंडाळून फलाटावर मध्यरात्री बसायचं नसेल तर फेब्रुवारी किंवा नोव्हेंबर निवडा. डिसेंबरातच यायचं असेल तर परतीच्या दिवशी एकही सहल ठेवू नका, गाडी कुठवर आलीय ते मोबाइलवर बघत राहा आणि ती ग्वाल्हेर सोडेपर्यंत हॉटेलची खोली सोडू नका.