घाटात घातलेली मेहनत उतारावर परत का मिळत नाही?

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट एकट्याने सायकलवर चढून उतरलेल्या माणसाला घरी आल्यावर एक गणित छळतं. चढताना वेग ताशी 10 किलोमीटर पडला. त्याच रस्त्याने उतरताना 40 मिळाला. म्हणजे सरासरी 25 यायला हवी, आणि सपाटीवर तो ताशी 25 नेच जातो. मग तेवढ्याच अंतराला घाटात दीडपट वेळ कसा लागला? चढावर जे घातलं ते उतारावर परत मिळायला हवं होतं. ते गेलं कुठे?

पाऊस सरून सायकली बाहेर निघू लागल्या की सायकलस्वारांच्या गप्पांत हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर तीन ठिकाणी दडलं आहे: घड्याळात, हवेत आणि मांडीच्या स्नायूत. पहिली दोन उत्तरं शाळेच्या गणितात आणि भौतिकशास्त्रात बसतात. तिसऱ्या उत्तरामागे एका संशोधक स्त्रीचं काम आहे आणि आपल्याकडे तिचं नाव फारसं कोणाच्या कानावर नाही.

आधी घड्याळ. घाट 12 किलोमीटरचा धरला तर चढायला 72 मिनिटं लागतात आणि उतरायला 18. एकूण 90 मिनिटांत 24 किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी 16. गफलत अशी होते की आपण दोन वेगांची सरासरी काढतो, पण सायकलवरचा वेळ त्या दोन वेगांना सारखा वाटलेला नसतो. पाचातली चार मिनिटं चढावर जातात. आता याच्यापुढची गंमत पाहा. सपाटीवर ताशी 25 ने हे 24 किलोमीटर 58 मिनिटांत संपले असते. इथे माथ्यावर पोचेपर्यंतच 72 मिनिटं उलटलेली आहेत. उतार डोळ्यांची पापणी लवायच्या आत पार केला तरी ताशी 25 ची सरासरी गाठता येत नाही. ती संधी चढावरच हुकलेली असते.

बीआरएम या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करणाऱ्यांना हे गणित अंगावर झेलावं लागतं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 600 ला 40 अशी मुदत असते. म्हणजे सरासरी ताशी 15 च्या आसपास, आणि त्यात पंक्चर, चहा, डुलकी सगळं आलं. वाटेत घाट किती आहेत हे मुदत विचारत नाही. अखंड घाटातून ताशी 16 ने जाणाऱ्याकडे तासाला चार मिनिटांपेक्षाही कमी शिल्लक उरते. सपाट दोनशे आणि डोंगरातले दोनशे ही दोन वेगळी अंतरं आहेत असं जुने सायकलस्वार सांगतात, ते शब्दशः खरं आहे.

पण वेळेच्या हिशेबाने प्रश्न पुरता सुटत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही, हे आपण सातवी-आठवीपासून घोकतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे 1,290 मीटरवर. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो वजन तेवढं उचलायला 4 लाख 75 हजार ज्यूलच्या घरात काम करावं लागतं. दीड लिटरला थोडंसं कमी इतकं पाणी उकळायला आणायचं तर एवढीच ऊर्जा लागते. माथ्यावर ती सगळी सायकलस्वाराच्या नावे जमा असते, आणि उतरताना तो ती खर्च करतो.

खर्च होते ती हवा बाजूला सारण्यात. पाच टक्क्यांच्या सरळ उतारावर ब्रेक न लावता सायकल सोडली तर ती वेग घेतच राहत नाही. ताशी 45 च्या आसपास हवेचा विरोध आणि गुरुत्वाची ओढ जवळजवळ बरोबरीला येतात आणि वेग तिथेच थांबतो. त्यानंतर उतरलेल्या प्रत्येक मीटरची जवळपास सगळी ऊर्जा हवेला जाते. वळणावर ब्रेक दाबला की उरलेली ब्रेक आणि रिम तापवते. हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की आठपट. चढावर मात्र वेग दुप्पट करायला साधारण दुप्पट शक्ती पुरते, कारण तिथे लढत वजनाशी असते.

या एका फरकातून एकट्या सायकलस्वाराच्या कामाच्या बऱ्याच गोष्टी निघतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. किताब घाटालाच असावा यात भौतिकशास्त्राचाही न्याय आहे. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहून मागचा आपली बरीच शक्ती वाचवतो, त्यामुळे घोळका एकत्र राहतो. ताशी 10 च्या चढावर आडोशाला काही किंमत नसते. तिथे नव्वद टक्क्यांच्या आसपास शक्ती वजन उचलण्यात जाते आणि ते वजन प्रत्येकाला स्वतःच उचलावं लागतं. सपाटीवर एकटा माणूस घोळक्यापुढे हरतो, पण घाटात त्याचं एकटेपण त्याला जवळजवळ काहीच महाग पडत नाही.

अशा एकटेपणाची कसोटी पाहणारी एक शर्यत आहे. 2017 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले दोन भारतीय होते नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघून रॉकी आणि ॲपलाचियन पर्वत ओलांडत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,900 किलोमीटर, आणि मुदत 12 दिवस. दोघांनीही ती पाळली. एकेरी गटात दुसऱ्याचा आडोसा घ्यायला मनाई असते. दोघांनी झोप धरून ताशी 17 च्या आसपास सरासरी राखली, आणि तीही वाटेत एव्हरेस्टची उंची पाच वेळा भरेल इतके चढ चढून. वर मांडलेलं गणित ध्यानात ठेवून हा आकडा पुन्हा वाचावा.

अमेरिकन संशोधक डेव्हिड स्वेन यांनी 1997 साली एक गणिती प्रारूप मांडलं होतं. रस्त्यात चढ-उतार असतील तर सगळीकडे सारखा जोर लावण्यापेक्षा चढावर थोडा जास्त आणि उतारावर थोडा कमी लावला की तेवढ्याच मेहनतीत वेळ वाचतो. कारण वर आलंच आहे. चढावर लावलेला जादा जोर वेगात उतरतो, उतारावर लावलेला हवा खाऊन टाकते. यातला ‘थोडा’ हा शब्द मात्र विसरू नये. पहिल्याच वळणावर धाप लागेपर्यंत जोर लावणाऱ्याला कुठलंच प्रारूप वाचवत नाही.

मग सायकलींच्या जाहिरातींचं काय? पन्नास हजार जास्त मोजून एक किलो हलकी सायकल घेतली तर 85 किलोचे 84 होतात. पसरणीच्या 72 मिनिटांत वाचतं एक मिनिटापेक्षाही कमी. उतारावर बॅटरी परत भरणाऱ्या विजेच्या सायकलींचा गाजावाजाही तपासून घ्यावा. परत मिळू शकते ती फक्त ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा. हवेने घेतलेली कुठलीच मोटर परत आणत नाही, आणि ज्या मोटरी चाक मोकळं फिरू देणाऱ्या फ्रीव्हीलवर चालतात त्यांना तर उतारावर फिरवणारं कोणी नसतंच. पैसे खर्चायचेच असतील तर मागच्या चाकाला जास्त दात्यांची चकती बसवून घ्यावी. साध्या बिनगिअरच्या सायकलीवर पेडलच्या एका फेरीत चाक पाच मीटरच्या आसपास पुढे जातं. ताशी 10 ने चढायचं तर मिनिटाला जेमतेम 33 फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी गुडघ्यावर येते. तेच अंतर सव्वादोन मीटरवर आणणारा गिअर असेल तर फेऱ्या सत्तरीच्या पुढे जातात आणि पाय हलके पडतात.

आता स्नायू. समजा हवा नाही आणि ब्रेकही नाही. तरी माथ्यावरून खाली आलेल्या माणसाच्या अंगात चढताना जळालेलं अन्न परत येईल का? येत नाही, हे अनुभवाने सगळ्यांना ठाऊक आहे. पण उतरताना मेहनत पडतेच कशी, आणि किती, याचं मोजमाप 1952 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या तिघांनी केलं: बर्नार्ड ॲबट, ब्रेंडा बिगलंड आणि मर्डॉक रिची. त्यांची युक्ती इतकी देखणी आहे की ती सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्यांनी व्यायामाच्या दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि एका साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पेडल मारायचं. दुसऱ्याच्या पायाखालची पेडलं त्यामुळे उलटी फिरणार, आणि त्याने ती पायाने अडवायची. दोघांचा वेग एकच आणि दोघांच्या पायांवरचा जोरही जवळजवळ सारखा. फरक एवढाच की पहिल्याचे स्नायू आखडत काम करतात आणि दुसऱ्याचे जोर लावत असतानाच ताणले जातात. सिंहगड पायी उतरताना मांडीचे स्नायू हेच करतात: प्रत्येक पावलाला शरीराचं वजन झेलत ब्रेकचं काम करतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात त्या या ताणामुळे.

मग दोघांना लागणारा ऑक्सिजन मोजला. अडवणाऱ्याला कितीतरी कमी लागला. पेडलं संथ फिरत होती तेव्हा फरक सुमारे अडीचपट होता आणि वेग वाढवला तसा तो पाचपटींपर्यंत गेला. रॉयल सोसायटीत या प्रयोगाचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा पेडल मारायला एक तरणा गडी होता आणि अडवायला एक लहानखुरी तरुणी. थोड्याच वेळात गडी दमून गेला आणि तरुणीला फारसे कष्ट पडले नाहीत. स्नायूंवरच्या कामासाठी 1922 चं नोबेल मिळवलेल्या ए. व्ही. हिल यांनी या प्रसंगाची आठवण नंतर मोठ्या कौतुकाने लिहून ठेवली आहे.

ताणल्या जाणाऱ्या स्नायूत रासायनिक क्रिया उलटी फिरून थोडंफार इंधन परत तयार होत असेल का, ही शक्यता त्या काळात गांभीर्याने तपासली जात होती. ती टिकली नाही. उतार स्नायूला स्वस्तात पडतो, पण परतावा देत नाही. स्वस्त का पडतो, याच्या खोलात पुन्हा ब्रेंडा बिगलंडच गेली. तिचं रिचीशी लग्न झालं होतं आणि मधल्या काळात दोघं अमेरिकेत गेले. पहिल्या निबंधानंतर 24 वर्षांनी, 1976 साली, ब्रेंडा बिगलंड-रिची या नावाने तिने वुड्स या सहकाऱ्यासोबत स्नायूंतले विद्युतसंकेत आणि ऑक्सिजन एकाच वेळी मोजले. तेवढाच जोर अडवताना स्नायूचे कमी तंतू कामाला लागतात, आणि लागलेला प्रत्येक तंतू ऑक्सिजनही कमी खातो, असं त्यात निघालं. थकवा स्नायूत नेमका कसा उतरतो, या विषयावर पुढची अनेक वर्षं तिचं काम पायाभूत मानलं गेलं.

सायकलीने या स्वस्त कामातूनही माणसाला मोकळं केलं आहे. फ्रीव्हीलमुळे उतारावर पाय थांबतात आणि अडवण्याचं काम ब्रेककडे जातं. म्हणूनच 570 मीटर सायकलवरून उतरलेल्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी त्या तक्रारी करत नाहीत, ज्या तेवढंच पायी उतरलेल्याच्या करतात.

1952 च्या त्या जोडसायकलीचा वंश आज रुग्णालयांत आहे. मोटर पेडलं उलटी फिरवते आणि रुग्ण ती अडवतो. हृदय किंवा फुप्फुसं अशक्त झालेल्या माणसाला धाप न लागता पायांना बळ देता येतं, कारण ऑक्सिजन कमी लागतो. आपल्या फिजिओथेरपीच्या वर्गांत ही पद्धत शिकवणाऱ्यांनी तिच्यामागचा प्रयोगही सांगावा, आणि सांगताना ॲबट आणि रिची यांच्यामधलं ब्रेंडा बिगलंडचं नाव गाळू नये.