आजी, तुमचे वय किती?

वार्धक्यशास्त्रात डॉक्टरेट करायची म्हटले की डोळ्यांसमोर जाडजूड ग्रंथ येतात. ‘जेरोन्टॉलॉजी’ हे भारदस्त नाव १९०३ साली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने दिले. परंतु सोलापुरात हे संशोधन करू म्हणणाऱ्या विद्यार्थिनीची पहिली परीक्षा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत व्हायची, आणि प्रश्न अगदी बाळबोध: आजी, तुमचे वय किती?

विडी कामगार स्त्रियांसाठी २००६ साली उभी राहिलेली ही १०,००० घरांची वसाहत. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आजी मान वर न करता सांगणार, ‘असतील साठ.’ शेजारीणही साठच सांगेल. पलीकडची पासष्ट. ६१ किंवा ६३ वर्षांची बाई गल्लीत औषधालाही सापडायची नाही! लोकसंख्याशास्त्रज्ञांना ही खोड जुनीच ठाऊक आहे. ती मोजायला त्यांनी व्हिपल निर्देशांक नावाचे मापही केले आहे.

मग आधार कार्ड पाहावे? जन्माची नोंदच नसेल, तर तेथे अंदाजाचे वर्ष आणि बहुधा १ जानेवारी. शाळेत गेलेल्यांना गुरुजींनी सरसकट १ जून देऊन टाकलेला. (आपल्याही घरात एखादे काका १ जूनचे निघतील.)

यावरची युक्ती मोठी झकास आहे. गावाने पाहिलेल्या घटनांचे कॅलेंडर करायचे. सोलापूर त्या बाबतीत श्रीमंत! सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन. लष्कर येथूनच नळदुर्गाकडे गेले. १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ ची किल्लारी. आजीला विचारावे, दुष्काळात खडी फोडायला जात होता तेव्हा पदरात मूल होते का? मग तिचे हात थांबतात. थोरला दोन वर्षांचा, दुसरे पोटात, असे उत्तर आले तर ती तेव्हा विशीच्या आसपासची. म्हणजे जन्म १९५२ च्या सुमाराचा. सत्तरीसुद्धा केव्हाच उलटली.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभर सुमारे ७२,००० लोकांची पाहणी केली, तीत हाताची मूठ किती जोराने आवळते हेही मोजले. पण वयच १० वर्षांनी चुकले, तर सत्तरीची काटक आजी साठीची दुबळी ठरणार! आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे ६५ व्या वर्षापासून. तेथे कागदावरचेच वय चालते.

माझे मत विचाराल तर प्रश्नावलीत वयाला दोन रकाने ठेवावेत, एक कागदाचा आणि एक कॅलेंडरचा. दोहोंतले अंतर कोणाच्या घरी किती पडते, एवढ्यावरच प्रबंध उभा राहील. आणि तो तहसील कचेरीतही नेऊन दाखवता येईल.