पत्रा वाकण्यापूर्वीचा हिशेब

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने पत्र्याच्या कारखानदारीविषयी लिहावे, याचे वाचकबंधूंस नवल वाटेल. परंतु आम्हां बेळगुंदीकर व्यापाऱ्यांची मुले आज पेढीवर न बसता बेळगावच्या उद्यमबागेत भांडवल घालू पाहतात. त्या धंद्यात नफा कोठे बुडतो, हे वडीलधाऱ्यांनी जाणणे अगत्याचे आहे.

आपल्या टापूस अ‍ॅल्युमिनियम परके नाही. बेळगावी हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढतात. निपाणीच्या वाटेवर हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग तयार होतात. पोलादाचा जो तुकडा तीन किलो भरतो, तोच अ‍ॅल्युमिनियमचा केल्यास सुमारे एक किलो भरतो. म्हणूनच विमान व मोटार बांधणारे या धातूकडे वळले.

परंतु हा धातू हट्टी आहे. दाबयंत्रातून सुटताच वाकविलेला पत्रा किंचित मागे फिरतो. कारागीर यास स्प्रिंगबॅक म्हणतात. तितक्याच बळकटीच्या पोलादी पत्र्याहून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सुमारे तिप्पट मागे फिरतो. खोल ओढल्यास तो कोपऱ्यात लवकर फाटतोही. पूर्वी साचा कापावा, पत्रा दाबून पाहावा, चुकल्यास साचा पुन्हा घासावा, असा क्रम असे. प्रत्येक फेरीत पोलाद, मजुरी व दिवस खर्ची पडत.

आता ही फेरी आधी संगणकात होते. पत्र्याचे हजारो लहान चौकोन कल्पून प्रत्येक किती ताणला, पातळ झाला वा सुरकुतला, याचे गणित मांडतात. अमेरिकेत जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ साली आघाताच्या गणितासाठी रचलेल्या डायना ३डी या प्रणालीची पुढची पिढी आज याही कामी येते. ९० अंशांच्या वाकासाठी साचा, समजा, ८७ अंशांचा हवा, हे पोलादास हात लावण्यापूर्वीच कळते.

तथापि मूठभर नमुना खोटा निघाला, तर पोत्याचा भावही खोटा ठरतो; येथेही तोच न्याय आहे. लाटलेला पत्रा उभा, तिरका व आडवा ओढल्यास निरनिराळा ताणतो. म्हणून तिन्ही दिशांचे तुकडे ओढून पाहावे लागतात. काही मिश्रधातू तर कोठारात नुसते पडून कठीण होतात. जुन्या मालाचे आकडे नव्या मालास लावले, तर संगणक चुकीचेच उत्तर बिनचूक काढून देईल.

तेव्हा चिरंजीव असा कारखाना काढू म्हणतील, त्या वेळी संगणकाची किंमत मागाहून विचारावी. नमुना कोणत्या मालाचा व केव्हा तपासला, हे आधी विचारावे.